कोलेस्टेरॉलची गोळी पेशीपटल विरघळवत नाही

आत्याने गोळी बंद केली. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यापासून ती रोज रात्री स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घेत होती. मग कुणीतरी तिला एक फॉरवर्ड पाठवला आणि तिने घरात न सांगता गोळी सोडली. तोच मजकूर नंतर मलाही तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

मजकुराचा सारांश असा: प्रत्येक पेशीभोवती कोलेस्टेरॉलची भिंत असते आणि कोलेस्टेरॉलची गोळी ती विरघळवते. मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असल्यामुळे गोळीने विस्मरण होतं. रिफाइंड तेल या भिंतीत कायमचं अडकतं आणि ती कडक करतं. लेसिथिन नावाच्या मेदाची पावडर घेतली की भिंत पुन्हा उभी राहते. तेव्हा गोळी आजच थांबवा.

सगळ्यात घातक दावा विरघळण्याचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

फॉरवर्ड ज्याला भिंत म्हणतो ते पेशीचं पटल मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंचं असतं. या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि दोन शेपट्या पाणी टाळतात. त्यामुळे हे रेणू आपोआप दोन थरांत रचले जातात: डोकी बाहेर, शेपट्या आत. 1925 साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या शास्त्रज्ञांनी लाल रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर एकेरी थरात पसरवला, तेव्हा त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरलं. माणसाच्या लाल रक्तपेशीच्या आत दुसरी पटलं नसतात, म्हणून हा सगळा मेद बाहेरच्या पटलाचाच होता आणि तो दुहेरी थरात होता. कोलेस्टेरॉल या रेणूंच्या मधोमध बसतं. बाहेरच्या पटलातल्या मेदरेणूंपैकी साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त कोलेस्टेरॉलचा असतो. ते शेपट्यांची फार सळसळ होऊ देत नाही आणि गारव्यात त्या एकमेकींना घट्ट चिकटूही देत नाही.

म्हणजे पेशीला कोलेस्टेरॉल लागतं, हे मान्य करावंच लागेल. ज्या बाळांना जन्मतःच कोलेस्टेरॉल नीट बनवता येत नाही, त्यांना स्मिथ-लेमली-ओपिट्झ नावाचा गंभीर आजार असतो. फॉरवर्डमधलं खरं तेवढंच. त्यावरून पुढे जो निष्कर्ष काढला आहे, तो पूर्ण उलटा आहे.

स्टॅटिन काहीच विरघळवत नाही. गोळीत काही मिलिग्रॅम औषध असतं आणि शरीरात कोलेस्टेरॉल शंभर ग्रॅमहून जास्त असतं. हे औषध कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या साखळीतल्या एका विकराला (एन्झाइमला), एचएमजी-सीओए रिडक्टेजला, अडवतं. परिणाम मुख्यतः यकृतात होतो. तिथे पेशीतलं कोलेस्टेरॉल जरा कमी झालं, की पेशीच्या आतल्या पटलांत बसलेली यंत्रणा ते लगेच ओळखते. एसआरईबीपी नावाचं प्रथिन तिथून सुटून केंद्रकात जातं आणि एलडीएल रिसेप्टरचं जनुक जागं करतं. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण आणि रिसेप्टर म्हणजे ते पकडणारी प्रथिनं. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर वाढतात आणि ते रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतात. रक्ताच्या तपासणीत आकडा उतरतो तो यामुळे. पेशी आपल्या पटलाला कोलेस्टेरॉलची तूट पडू देत नाही, आणि ही गोळी पेशीच्या याच स्वभावावर चालते. पटल विरघळत असतं तर या औषधाचा परिणामच झाला नसता.

रिसेप्टरचा हा मार्ग मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी शोधला. त्यासाठी त्यांना 1985 चं नोबेल मिळालं. शरीरातल्या पेशींना पुरेसं कोलेस्टेरॉल मिळण्यासाठी रक्तात एलडीएल 25 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असलं तरी भागतं, असा त्यांचा हिशेब होता. स्टेंट बसवलेल्या माणसासाठी डॉक्टर जे लक्ष्य ठरवतात, ते साधारणपणे याच्या दुप्पट असतं. ज्या पीसीएसके9 जनुकामुळे रिसेप्टर मोडीत निघतात, त्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या आणि एलडीएल 14 असलेल्या एका निरोगी स्त्रीची नोंद 2006 साली प्रसिद्ध झाली आहे. कोलेस्टेरॉल कमी झाल्याने पटलं ढासळत असती, तर ती निरोगी राहिली नसती.

याची दुसरी बाजूही बघा. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांचं काम सुरू झालं ते ज्यांचे एलडीएल रिसेप्टर जन्मतः बिघडलेले असतात अशा मुलांच्या पेशींवरून. या मुलांच्या रक्तात कोलेस्टेरॉल प्रचंड साठतं. फॉरवर्डचा तर्क खरा असता, तर त्यांची पटलं सर्वांत मजबूत आणि तब्येत सर्वांत उत्तम असायला हवी होती. प्रत्यक्षात उपचार झाले नाहीत तर त्यांना बालपणीच हृदयविकाराचे झटके येतात. रक्तातलं जादा कोलेस्टेरॉल पटलाच्या उपयोगाला येत नाही, ते रक्तवाहिनीच्या आवरणात जाऊन बसतं. आत्याच्या रक्तवाहिनीत तेच झालं होतं.

मेंदूचं म्हणाल, तर शरीरातल्या कोलेस्टेरॉलपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा मेंदूत असतो, हे खरं आहे. त्यातलं बहुतेक मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणात असतं. पण मेंदू हे कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो. रक्तातलं एलडीएल तिथे पोचतच नाही, त्यामुळे रक्तातला आकडा उतरला म्हणून मेंदू उपाशी राहत नाही. काही रुग्णांनी विस्मरणाच्या तक्रारी केल्या आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2012 साली तशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घातली. तिथेच हेही लिहिलं आहे की हे त्रास सहसा गंभीर नसतात आणि औषध थांबवल्यावर जातात.

तेलाचा दावा रसायनशास्त्राच्याच विरुद्ध आहे. बहुतेक रिफाइंड तेलांत असंतृप्त मेदाम्लं जास्त असतात. त्यांच्या शेपटीला वाक असतो, म्हणून ती दाटीने बसत नाहीत आणि पटल उलट सैल होतं. कडकपणा येतो तो सरळ शेपट्यांनी, म्हणजे संतृप्त आणि ट्रान्स मेदांनी. कारखान्यात तयार होणारे ट्रान्स मेद खरोखर हानिकारक आहेत, तेवढा भाग मला नाकारता येत नाही. पण कायमचं काहीही अडकत नाही. पेशी फॉस्फोलिपिडांच्या शेपट्या सतत काढून नव्या जोडत असते, आणि लाल रक्तपेशी तर सुमारे 120 दिवसांत बदलून जाते.

लेसिथिनच्या पावडरीने भिंत उभी राहत नाही. आतड्यात विकर तिचे तुकडे करतात आणि त्यांतून काय बांधायचं ते शरीर ठरवतं.

उरला गोळीच्या त्रासाचा मुद्दा. स्टॅटिनने क्वचित स्नायूंना गंभीर इजा होते आणि मधुमेहाचा धोका थोडा वाढतो. हे लपवण्यासारखं नाही. पण 2022 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 19 चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात स्नायूंच्या तक्रारी खरी गोळी घेणाऱ्यांत 27.1 टक्के होत्या आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत 26.6 टक्के. म्हणजे अंगदुखीचं कारण बहुतेक वेळा गोळी नसते. उलट एलडीएल सुमारे 39 मिलिग्रॅमने उतरलं, की झटका आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात. गोळी सोडली की काही आठवड्यांत एलडीएल जुन्या पातळीवर येतं आणि त्याचं काहीच लक्षण जाणवत नाही. ज्यांना खरंच त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना सांगून रक्तातलं क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) तपासून घ्यावं. मात्रा कमी करता येते, दुसरं स्टॅटिन देता येतं, एझेटिमाइबसारखं वेगळं औषधही आहे.