आठ हिट, शून्य रन

बेसबॉलच्या नादी लागलेल्या कुणालाही जुना मोठा सामना विचारा, तो न्यूयॉर्क यांकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) डॉन लार्सन याचंच नाव घेणार. ८ ऑक्टोबर १९५६, यांकी स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना. समोर आलेले २७ च्या २७ बॅटर बाद, पहिल्या बेसपर्यंतसुद्धा कुणी पोचलं नाही. यांकीज २, डॉजर्स ०. वर्ल्ड सिरीजमध्ये असा परफेक्ट गेम ना आधी झाला, ना नंतर. सगळं मान्य.

तरी मला त्याच्या आदल्या वर्षीचा सामना जास्त आवडतो. मैदान तेच, संघ तेच, आकडाही तोच, २-०. फक्त जिंकणारे उलटे. शिव्या घालायच्या तर खुशाल घाला, पण आधी ऐकून घ्या.

४ ऑक्टोबर १९५५. सिरीज ३-३, सातवा सामना. ब्रुकलिनचे डॉजर्स तोवर सात वेळा वर्ल्ड सिरीज हरलेले, त्यातल्या पाच या यांकीजकडूनच. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे त्यांच्या चाहत्यांचं पालुपदच झालं होतं. आणि निर्णायक सामन्यात चेंडू दिला जॉनी पॉड्रेसला. वय २३, त्या मोसमात ९ विजय आणि १० पराभव. कागदावर बेताचाच गडी.

क्रिकेटवाल्यांसाठी: इथे नुसता फटका मारून रन मिळत नाही. आट्यापाट्यांत एकेक पाटी ओलांडावी तसे बेस ओलांडत होम प्लेटवर परत यावं लागतं, तेव्हा कुठे एक रन. पॉड्रेसला ८ हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) बसल्या, वर चुकीचे चेंडू टाकून दोघांना त्याने चालत पहिला बेस दिला. म्हणजे दहा वेळा पाहुणा अंगणात आला, पण उंबरा एकालाही ओलांडता आला नाही. लार्सनच्या सामन्यात अंगणच रिकामं होतं! मग धाकधूक कुठून असणार?

तिसऱ्या इनिंगमध्ये तर नशीबच धावून आलं. यांकीजच्या मॅकडूगल्डने मारलेला चेंडू तिसऱ्या बेसकडे धावणाऱ्या त्यांच्याच रिझुटोला लागला. नियमाने रिझुटो बाद, इनिंग खलास.

पण खरा किस्सा सहाव्या इनिंगचा. डॉजर्सने दुसरी रन काढताना बदली बॅटर वापरला होता, त्यामुळे मैदानावरची माणसं हलवावी लागली आणि क्युबाचा सँडी अमोरोस नुकताच लेफ्ट फील्डला (मैदानाच्या डावीकडच्या दूरच्या भागात) आला होता. यांकीजचे दोघे बेसवर, एकही बाद नाही, बॅटिंगला योगी बेरा. त्याने डाव्या रेषेलगत उंच फटका मारला. बेरा डावखुरा, त्याचा चेंडू सहसा उजवीकडे जायचा, म्हणून अमोरोस रेषेपासून बराच आत उभा होता. तो जीव खाऊन पळाला आणि हात लांब करून झेल घेतला. अमोरोससुद्धा डावखुरा, म्हणजे ग्लोव्ह उजव्या हातात, रेषेच्या बाजूला. ग्लोव्ह दुसऱ्या हातात असता तर तिथवर पोचला असता का, मला शंका आहे. तिथून शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) पी वी रीझकडे फेक, रीझकडून पहिल्या बेसवरच्या गिल हॉजेसकडे, आणि झेल होणारच नाही असं धरून सुटलेला मॅकडूगल्ड पहिल्या बेसवर परतेपर्यंत बाद. एका फटक्यात दोन.

शटआउट, म्हणजे समोरच्याला शून्यावर रोखणं, लागतो एकट्या पिचरच्या नावावर. पॉड्रेसचं मोल कमी नाही. आठव्या इनिंगमध्ये पुन्हा पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं असताना त्याने यांकीजच्या बाउअरला स्ट्राइकआउट केलं, म्हणजे फटका बसूच न देता बाद केलं, त्याला काळीज लागतं. तोच सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण त्या शून्यात अमोरोसचा वाटा किती, हे स्कोअरकार्डात शोधून सापडत नाही, आणि गिल हॉजेसचा तर लोक विसरूनच जातात. दोन्ही रन त्याच्याच बॅटमुळे आल्या. हाच हॉजेस १९५२ च्या सिरीजमध्ये चालत मिळालेले बेस सोडून २१ वेळा बॅटिंगला आला आणि एकही हिट काढू शकला नव्हता.

नववी, म्हणजे शेवटची इनिंग, दोन बाद, आता फक्त एकच हवा. एल्स्टन हॉवर्डचा सरपटी चेंडू शॉर्टस्टॉप पी वी रीझकडे गेला. यांकीजकडून झालेल्या पाचही पराभवांत मैदानात असलेला हा माणूस. त्याची फेक जरा खालीच गेली. हॉजेसने वाकून ती उचलली.