पंचाहत्तरी दोन वर्षं लेट

आई सांगायची, मी गांधीहत्येच्या वर्षी जन्मलो, भातलावणी चालू होती आणि सुईण गुडघाभर चिखल तुडवत आली. म्हणजे १९४८चा आषाढ. आधार कार्ड मात्र म्हणतं, १ जून १९५०. हे कर्तृत्व आमच्या गुरुजींचं. आठव्या वर्षापर्यंत मी म्हशींमागेच होतो. बापाने शाळेत नेऊन घातलं तेव्हा गुरुजींनी मान वर करून पाहिलंही नाही. पहिलीचं पोर म्हणजे सहा वर्षांचं, आणि शाळा भरते जूनमध्ये. लिहून मोकळे.

मला कधी त्याचा राग आला नाही. सरकारी नोकरीतून कागदावर ५८ पुरी करून निवृत्त झालो, तेव्हा खरा साठीचा होतो. दोन वर्षांचा पगार गुरुकृपेने जास्तीचा खाल्ला. वसुली पुढे व्हायची होती.

२६ ऑगस्ट २०२२पासून एसटीने पंचाहत्तरी पुरी केलेल्यांना प्रवास मोफत केला. पुढच्या आषाढात मी पंचाहत्तरीचा झालो. घरी औक्षण झालं, नातवाने केक कापायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत एसटीत चढून कार्ड पुढे केलं.

कंडक्टरने बोटांवर हिशेब केला. "काका, त्र्याहत्तर. अर्धं."

"अहो, पण खरा पंचाहत्तरचा आहे मी!"

"खऱ्या वयाचं बटण नाही मशीनमध्ये."

शेजारून हिने संधी साधली. हिला सत्तर पुरी. पासष्टीपुढच्यांना अर्धं तिकीट होतंच, मार्च २०२३पासून सगळ्याच बायकांना अर्धं झालं. "मग म्हातारी म्हणून अर्धं सोडा, बाई म्हणून अर्धं सोडा. राहिलं काय?"

"काकू, अर्धं आणि अर्धं मिळून एक होतं. पूर्ण फाडू का?"

हिने मुकाट्याने पर्स उघडली. असला हिशेबी माणूस त्या वेळी आमच्या शाळेत हवा होता.

पुढची दोन वर्षं अर्धं तिकीट काढत पगाराची परतफेड केली. मधे एकदा शहरातल्या बसमध्येही एसटीचं अर्धं मागितलं. तिथे ते चालत नाही, हे भर गर्दीत भांडून शिकलो.

शेवटी उजाडला १ जून २०२५, रविवार. आमच्या वर्गातले आता चौघेच उरलोत. चौघेही धुतलेल्या टोप्या घालून पहाटेच स्टँडवर. गाडी सुटली, चार कार्डं पुढे झाली. कंडक्टरने ती पत्त्यांसारखी हातात पसरली. एक जून पन्नास. एक जून पन्नास. तिसरं पाहिलं, चौथं पाहिलं, मग आमच्या तोंडांकडे पाहिलं.

"भाऊ-भाऊ का?"

"छे."

"मग चौघांची एकच तारीख? एकाच आईचे तर दिसत नाही."

"एकाच गुरुजींचे," दत्तू म्हणाला.

मशीन चार वेळा किरकिरलं. शून्य रुपयांचं तिकीट दत्तूने घडी घालून टोपीत ठेवलं. माझ्या मुठीत सवयीने मोजून घेतलेले सुटे पैसे होते.