फ्रिज गुरगुरला की लगेच 'गॅस उतरलाय'?

फ्रिजच्या साध्या आवाजावरून म्हाताऱ्या माणसांना घाबरवून पैसे उकळणाऱ्यांची मला प्रचंड चीड आलीय.

माझी आत्या नाशिकला सिडकोत, पवननगरला एकटी राहते. रात्री फ्रिजमधून खळखळ ऐकू येते म्हणून तिनं मेकॅनिकला बोलावलं. फ्रीजरमध्ये बर्फ टणक, दूध गार, भाज्या ताज्या; तरी पठ्ठ्या म्हणतो, "मावशी, गॅस उतरलाय, भरावा लागेल." ना गळती शोधली, ना काही तपासलं. पैसे घेऊन गेला. खळखळ आजही आहे, आणि असणारच!

अरे, फ्रिजचा गॅस काय शेगडीच्या सिलिंडरसारखा जळून संपतो का? बंद नळ्यांत वर्षानुवर्षं तोच फिरतो, कधी द्रव होतो, कधी वायू. गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर थांबला की त्याच्या दोन्हीकडच्या नळ्यांतला दाब सारखा होत जातो, तेव्हा ती खळखळ येते. गॅस खरंच कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळलाय. आधी ते भोक शोधायचं, बुजवायचं, व्हॅक्यूम मारायचा, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढायची, मग काट्यावर मोजून भरायचा. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो, बहुतेक वेळा १०० ग्रॅमच्याही आत, आणि तो पेट घेणारा आहे. तो अंदाजपंचे भरणाऱ्याला स्वयंपाकघरात पाऊल तरी का ठेवू द्यावं?

बाकीचे आवाजही तसेच. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये साचलेला बर्फ आपोआप वितळवायला हीटर सुरू होतो, त्यावर थेंब पडला की चर्र होतं. आतलं प्लॅस्टिक गारठ्यानं आक्रसतं, कट् वाजतं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग बदलला की सूर बदलतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० अंशांना टेकला की कॉम्प्रेसर जास्त वेळ घरघरतो, त्यात आपल्या छोट्या घरांत फ्रिज भिंतीला चिकटवलेला. दुकानदाराला हे माहीत नसतं? डिलिव्हरीच्या दिवशी चार वाक्यं मराठीत सांगायला काय जातं त्याचं? वाढीव वॉरंटी गळ्यात मारायला मात्र वेळच वेळ!

फ्रिज गारच होईना, कॉम्प्रेसर सुरू न होता नुसता टक्-टक् करत राहिला किंवा पंखा बर्फाला घासायला लागला, तर जरूर माणूस बोलवा. आणि त्यानं गॅसचं नाव काढलं, की पाकिटाला हात लावायच्या आधी म्हणा, "गळती कुठंय ते दाखव."