भाचीचा प्रश्न: एका गोळीने क्षेपणास्त्र थांबेल का?

परवा जेवताना भाचीने विचारलं, "मामा, क्षेपणास्त्र सुटत असताना कुणी लांबून स्नायपर रायफलने एकच गोळी मारली, तर ते थांबेल?" अकरावीला आहे ती. हात वाळले तरी मी बोलतच होतो. तिचं काही समाधान झालं नाही, आणि खरं तर माझंही नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं आयुष्य प्रेशर व्हेसलमध्ये, म्हणजे आत दाब सोसणाऱ्या टाक्यांमध्ये गेलं. भोसरीत २६ वर्षं टाक्या बनवल्या आणि तपासल्या. नवीन पोरगा कामाला आला की त्याला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की टाकीची चाचणी शक्यतो पाण्याने घ्यायची, हवेने नाही. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी थोडं पाणी सांडतं आणि दाब उतरतो. दाबलेल्या हवेत मात्र ताकद साठून राहिलेली असते. टाकी फाटली की पत्रा माणसाच्या अंगावर येतो. रॉकेट बघतानाही मला आधी टाकीच दिसते, आणि तीही विलक्षण पातळ.

अमेरिकेचं पहिलं आंतरखंडीय क्षेपणास्त्र अ‍ॅटलास. त्याच्या टाकीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा काही ठिकाणी जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा होता. आत वेगळा सांगाडा असा नव्हताच, दाबावरच ते उभं राहायचं. मे १९६३ मध्ये व्हँडनबर्ग तळावर एका अ‍ॅटलासच्या टाकीतला दाब गेला आणि ते रॉकेट उभ्या जागी स्वतःच्या वजनाने चुरगळून खाली बसलं. (आपण गंजलेल्या नट-बोल्टवर मारतो ते डब्ल्यूडी-४० मुळात याच अ‍ॅटलासचा पत्रा गंजू नये म्हणून वापरात आलं.)

आता गोळीकडे या. मोठ्या १२.७ मिलिमीटर रायफलची गोळी साधारण ४० ते ४५ ग्रॅमची, आणि नळीतून निघताना वेग सेकंदाला ८५० मीटरच्या पुढे. असला पत्रा ती आरपार करणार, त्यात शंका नाही. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि "शक्य आहे" म्हणून मोकळे होतात.

पण भोक पडणं वेगळं आणि क्षेपणास्त्र थांबणं वेगळं. मी कागदावर हिशेब मांडला. टायटन-२ सारख्या द्रवइंधनाच्या क्षेपणास्त्राच्या टाकीला १२-१३ मिलिमीटरचं भोक पडलं आणि आत तीनेक वातावरणांचा दाब असेल, तर सेकंदाला फार तर तीन-चार किलो इंधन बाहेर पडेल. त्याच्या पहिल्या टप्प्याची इंजिनं सेकंदाला सातशे किलोहून जास्त पितात, आणि तो टप्पा अडीच मिनिटांत संपतो. म्हणजे गळती लागलेलं क्षेपणास्त्र पुढे निघून जाऊ शकतं. नेम चुकेल, पल्ला कमी पडेल, कदाचित गळलेलं इंधन पेटून सगळंच संपेल. पण खात्री कुणी देऊ शकत नाही.

घनइंधनाचं गणित वेगळं. तिथे सगळं कवचच आतल्या जळणाऱ्या वायूंचा प्रचंड दाब सोसत असतं. जानेवारी १९९७ मध्ये डेल्टा-२ रॉकेटच्या एका घनइंधन बूस्टरचं कवच उभं चिरलं आणि उड्डाणानंतर अवघ्या १३ सेकंदांत रॉकेटच्या ठिकऱ्या झाल्या. उलट चॅलेंजर या अवकाशयानाचं बघा. त्याच्या घनइंधन बूस्टरच्या सांध्यातली गळती जमिनीवर असतानाच सुरू झाली होती, काळा धूर कॅमेऱ्यात आहे, आणि तरीही ते यान ७३ सेकंद वर जात राहिलं. इजा तीच, पण कुठे आणि केव्हा झाली त्यावर सगळं ठरतं.

आणि खुद्द रॉकेट बनवणाऱ्यांनाही एकदा हाच संशय आला होता. १ सप्टेंबर २०१६ ला केप कॅनाव्हरलला स्पेसएक्सचं फाल्कन-९ चाचणीआधी इंधन भरता भरता उभ्या जागी फुटलं. वर आमोस-६ हा इस्रायली उपग्रह होता. फेसबुकला त्यातून आफ्रिकेत इंटरनेट पोचवायचं होतं. मापकांवरच्या पहिल्या वेड्यावाकड्या आकड्यापासून दुसरा टप्पा नष्ट होईपर्यंत फक्त ९३ मिलिसेकंद गेले. इतक्या कमी वेळात कारण सापडेना, तेव्हा दीडेक किलोमीटरवरच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या इमारतीवरून कुणी गोळी झाडली का, इथपर्यंत शोध गेला. घातपाताचा मागमूसही मिळाला नाही. दोष निघाला द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीत बसवलेल्या हेलियमच्या बाटलीत. तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या अस्तराला पडलेल्या पोच्यांमध्ये, वरच्या कार्बन धाग्यांच्या वेष्टनाखाली, ऑक्सिजन अडकला होता. ही हकिकत वाचली त्या रात्री मला झोप आली नाही, कारण अस्तराचे असले पोचे मी डोळ्यांनी पाहिलेत.

ते रॉकेट निदान उघड्यावर उभं होतं. युद्धातलं क्षेपणास्त्र कुठे असतं? अमेरिकेचं मिनिटमन जमिनीखाली, शंभर टनांच्या दारामागे. रशियाचं यार्स कॅनिस्टरमध्ये, म्हणजे जाड नळकांड्यात बंद, जंगलातून फिरत्या ताफ्यात. आपलं अग्नी-५ सुद्धा कॅनिस्टरमधूनच बाहेर पडतं. नेमबाजाला ते दिसेल ते बाहेर आल्यावर, आणि तेव्हा ते वेग घेत असतं. तीन सेकंदांत ते ९० मीटर वर गेलं असेल असं धरा. दोन किलोमीटरवरून सुटलेल्या गोळीला पोचायलाच तीन-चार सेकंद लागतात. २०१७ मध्ये इराकमध्ये एका कॅनेडियन नेमबाजाने ३,५४० मीटरवर नेम साधला, त्या गोळीला जवळजवळ १० सेकंद लागले होते. आणि ते लक्ष्य आकाशात चढत नव्हतं.

त्याहून अवघड आहे ते शोधणं. १९९१ च्या आखाती युद्धात सद्दामची स्कड क्षेपणास्त्रं शोधायला विमानांच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. वैमानिकांना क्षेपणास्त्र सुटताना ४२ वेळा दिसलं. त्यातल्या फक्त ८ वेळा लाँचर इतका नीट सापडला की बॉम्ब टाकता आला. फिरता लाँचर नक्की उडवल्याचा निर्विवाद पुरावा युद्धानंतरच्या अभ्यासात एकाचाही मिळाला नाही. हे विमानांना जमलं नाही, तिथे पालथा पडलेला एक माणूस नेमक्या शेतात, नेमक्या मिनिटाला कसा असणार?

अमेरिकेने बोइंग ७४७ मध्ये लेसर बसवून हाच विचार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. वर चढणाऱ्या क्षेपणास्त्राचा पत्रा तापवायचा, बाकीचं काम आतला दाब करतो. फेब्रुवारी २०१० मध्ये चाचणीत ते जमलं. २०११ च्या अखेरीस प्रकल्प बंद केला, कारण खऱ्या युद्धात त्या विमानाला शत्रूच्या हद्दीतच घिरट्या घालाव्या लागल्या असत्या.

म्हणून माझं उत्तर: गोळी लागेल, कदाचित रॉकेट जाईलही, पण त्यावर कुणाची सुरक्षा उभी करता येत नाही. एकटा शूर नेमबाज देश वाचवतो असे फॉरवर्ड फिरतात ना, त्यांचा मला मनापासून राग येतो. हा नाजूक पत्रा रोज कुणाच्या जिवावर बेततो ते त्यात कधीच नसतं.

भाचीला मी शेवटी दमास्कस सांगितलं. सीरियातलं नव्हे, अमेरिकेतल्या आर्कान्सामधलं. १८ सप्टेंबर १९८०, संध्याकाळ. भूमिगत सायलोत, म्हणजे क्षेपणास्त्राच्या खोल विहिरीत टायटन-२ उभं, डोक्यावर ९ मेगाटनचा अणुबॉम्ब. काम करताना एका पोराच्या पान्याचा सॉकेट निसटला. साडेतीन-चार किलोचा सॉकेट ७०-८० फूट खाली पडला, उसळला आणि त्याने पहिल्या टप्प्याच्या टाकीला भोक पाडलं. गोळीची गरजच पडली नाही. इंधन वाहू लागलं, टाकीतला दाब उतरू लागला. वरच्या टाकीत असं रसायन, की ते इंधनाला नुसतं शिवलं तरी काडी न लावता पेटतं. दाब गेल्यावर खालची टाकी वरचं वजन पेलेल का, याची साडेआठ तास सगळ्यांना धास्ती. पहाटे तीनच्या सुमारास स्फोट झाला. ७४० टनांचं दार उडालं, अणुबॉम्ब फाटकाजवळ जाऊन पडला, फुटला नाही. २१ जण जखमी झाले. आत गेलेला हवाई दलाचा सीनियर एअरमन डेव्हिड लिव्हिंग्स्टन मेला, २२ वर्षांचा.

"स्फोट होणार हे माहीत असून तो आत कशाला गेला?" तिने विचारलं.

आतली वाफ बाहेर काढायचा पंखा सुरू करायला, मी म्हटलं.