सेलच्या दोन टोकांना तार जोडू नका

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला, तो रक्तदाब मोजण्याच्या यंत्रातील रिचार्जेबल पेन्सिल सेलना चार्ज करण्याआधी कोणती तार जोडावी, हे विचारण्यासाठी. हा उद्योग तिला भजनी मंडळाच्या ग्रुपवर फिरत आलेल्या एका संदेशाने सुचवला होता. संदेशाचा गोषवारा असा : जलद चार्जर म्हणजे घरातला बॉम्ब, सेल नेहमी साध्या चार्जरमध्ये रात्रभर लावावेत, त्याआधी दोन टोकांना तार जोडून ते पूर्ण रिकामे करावेत, नाहीतर त्यांना अर्धवट भरण्याची ‘सवय’ लागते, आणि सावकाश चार्ज केले तर भिंतीवरच्या घड्याळातले साधे सेलही पुन्हा भरतात.

आधी तारेविषयी, कारण बाकीच्या सल्ल्यांनी सेल खराब होतील, याने मात्र हात भाजेल. अशा रिचार्जेबल (निकेल मेटल हायड्राइड) सेलचा व्होल्टेज 1.2 असतो आणि तेवढ्याने झटका बसत नाही, हे खरेच. परंतु चांगल्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतून होणारा अडथळा, ओहमच्या काही शतांशांइतकाच असतो. व्होल्टेजला रोधाने भागले की प्रवाह मिळतो; रोध 0.03 ओहम धरला तर 40 अँपिअरचे उत्तर येते, आणि तारेच्या व जोडाच्या रोधामुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्मा प्रवाह वाहिला, तरी तो 2000 वॉटचा गीझर घेतो त्याच्या दुपटीहून अधिक झाला. बारीक तार अशा वेळी बोटांत धरवत नाही, तिचे प्लॅस्टिक वितळते आणि सेलही आतून तापतो. यंत्राने ‘सेल संपले’ असे दाखवले, तरी त्यांत पुष्कळ चार्ज शिल्लक असू शकतो, हे मावशीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सल्ला देणाऱ्याला मात्र ते ठाऊक असायला हवे होते.

‘सवयी’त अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. जुन्या निकेल कॅडमियम सेलमध्ये असा परिणाम दिसत असे आणि आजच्या सेलमध्येही त्याची किंचित छटा आढळते. पण त्यावरचा उपाय शून्यापर्यंत नेणे हा नव्हे. निकेल मेटल हायड्राइड सेलसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक, आय.ई.सी. 61951-2, क्षमता मोजण्यापूर्वी सेल 1.0 व्होल्टपर्यंत उतरवायला सांगते आणि तिथेच थांबते.

रात्रभर चार्ज करण्याचा प्रश्नही हेच मानक सोडवते. त्यातील प्रमाणित चार्जिंग म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागाइतका प्रवाह, 16 तास. म्हणजे 2000 मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलला 200 मिलिअँपिअर. बाजारातला स्वस्त ‘साधा’ चार्जर जर 500 मिलिअँपिअर देत असेल आणि सेल भरल्याचे त्याला कळत नसेल, तर सेल पाच-सहा तासांत भरतो आणि पुढे सकाळपर्यंत येणाऱ्या विजेची जवळजवळ निव्वळ उष्णता होते. उलट चांगला जलद चार्जर सेल भरताच त्याचा व्होल्टेज काही मिलिव्होल्टने खाली येतो ती खूण आणि तापमानातली झपाट्याची वाढ पाहून थांबतो. गंमत अशी, की प्रवाह फार कमी असेल तर ही व्होल्टेजची खूण इतकी पुसट होते, की हुशार चार्जरही फसू शकतो. तेव्हा घड्याळाकडे पाहण्यापेक्षा चार्जरच्या खोक्यावर आपोआप बंद होण्याची सोय लिहिली आहे का, ते पाहावे.

बॉम्बविषयी थोडक्यात. पंधरा मिनिटांत सेल भरणारे चार्जर खरोखर निघाले होते, त्यांत सेल चांगलेच तापत, म्हणून काहींत पंखाही बसवलेला असे. अशा तापण्याने सेलचे आयुष्य घटते, हे कबूल. पण आतला दाब वाढला तर वायू बाहेर सोडण्यासाठी या सेलमध्ये झडप असते. एक-दोन तासांत भरणाऱ्या चांगल्या चार्जरला बॉम्ब म्हणायचे आणि न थांबणाऱ्या चार्जरपाशी रात्रभर निर्धास्त झोपायचे, हा उफराटा न्याय झाला.

घड्याळातले साधे सेल चार्जरमध्ये मुळीच घालू नयेत, मग प्रवाह कितीही कमी असो. त्यांत वायू साठतो, ते गळतात, आणि अल्कलाइन सेलमधून बाहेर येणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्वचेला व डोळ्यांना इजा करते. मावशीच्या डब्यात दोन्ही प्रकारचे सेल एकत्र पडले होते. रिचार्जेबल सेलवर मिलिअँपिअर-तासांचा आकडा छापलेला असतो, तो पाहून आम्ही ते फोनवरच वेगळे केले.