नवनियुक्त समिती सदस्यास चार हिताच्या गोष्टी

सर्वप्रथम अभिनंदन. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कारभारावर लोकांच्या वतीने देखरेख ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीवर तुमचं नाव लागल्याचं कळलं. कसं लागलं ते विचारत नाही. माझंही असंच लागलं होतं. एके सकाळी शिपाई वही घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “इथं सही करा.” मी विचारलं, “कशाची?” तर म्हणाला, “काल तुम्ही सभेला हजर होता ना, त्याची.” आपण सदस्य आहोत हे मला तेव्हा कळलं. लोकसहभाग म्हणतात तो हाच. माणसाला पत्ता लागायच्या आत तो सहभागी झालेला असतो.

अशा दोन मुदती मी काढल्या. त्या शिदोरीवर चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

पद लहान समजू नका. याला मोठी परंपरा आहे. गावोगाव आरोग्य समित्या असाव्यात, असं देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करायला इंग्रजांच्या काळात नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात लिहून ठेवलं. १९७८ मध्ये जगभरचे देश तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा आटा शहरात आरोग्य परिषदेला जमले आणि आरोग्यसेवेच्या नियोजनात नि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क तर आहेच, शिवाय कर्तव्यही आहे, असं जाहीर करून परतले. मग १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि देशभर समित्यांचं पीक आलं. भोर समितीपासून मोजलं तर ५९ वर्षं. म्हणजे या कामात घाई करायची रीत नाही. पहिल्याच सभेत हात वर करून तुम्ही ती मोडू नका.

समितीचं मूळही ठाऊक असू द्या, भाषणाची वेळ आली तर उपयोगी पडतं. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला. त्या धास्तीत इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाकडे लक्ष गेलं, तर तिथं उंदरांचाच मुक्काम. रुग्णालय रिकामं करून ते मारावे लागले. त्या खटाटोपातून रोगी कल्याण समिती ही कल्पना निघाली आणि पुढे अभियानाने ती सगळ्या राज्यांत नेली. थोडक्यात, आपण उंदरांच्या कृपेने जन्मलो. भाषण इथंच संपवा. २०२५ मध्ये त्याच रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात उंदीर बाळांना चावले, हे पुढचं वाक्य कुणी विचारल्याशिवाय बोलू नका.

आता प्रत्यक्ष सभेविषयी. अध्यक्ष बहुधा जिल्हा परिषदेचे सदस्य, सचिव वैद्यकीय अधिकारी. ज्यांच्या कामावर देखरेख ठेवायची तेच विषयपत्रिका काढतात, तेच इतिवृत्त लिहितात आणि मागच्या इतिवृत्ताला मंजुरीही तेच मागतात. यात खटकण्यासारखं काही नाही. उलट किती श्रम वाचतात! अध्यक्षांची चिंता तर काळानेच मिटवली होती. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि पुढची तीनहून अधिक वर्षं प्रशासकच कारभार बघत राहिले. निवडून आलेला सदस्यच उरला नाही, तर समितीत लोकप्रतिनिधी कुठून येणार? त्या काळात ‘आरोग्यात लोकसहभाग वाढवावा’ असं सांगणारी परिपत्रकं मात्र थांबली नाहीत. ती प्रशासकांच्याच सहीने येत.

सभेत बोलावंसं वाटलंच तर पडद्यांवर बोला. खिडक्यांचे पडदे, प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या, भिंतीचा रंग, पाण्याची टाकी, दारातला फलक. हे विषय समितीच्या अखत्यारीत आहेत आणि त्यावर लोकशाही कशी रंगते ते बघाच. आकाशी की पिस्ता, यावर मी एकदा पाऊण तास वाद ऐकलाय. शेवटी मतदान झालं. त्याच सभेत एक नवखी बाई, बचत गटाची, उठून म्हणाली, “डॉक्टरांची दुसरी जागा दोन वर्षं रिकामी आहे, ती कधी भरणार?” सचिव समजुतीने हसले. रिक्त पदं हा समितीचा विषय नाही. औषध खरेदी हा समितीचा विषय नाही. रुग्णवाहिकेचा चालक कंत्राटी का, त्याचा पगार चार महिने कुठे अडकला, हाही समितीचा विषय नाही. हे वर ठरतं. वर म्हणजे कुठे, असं तिने विचारलं. तेव्हा अध्यक्षांनी आयत्या वेळचे विषय घेतले.

हे वर आणि खाली नीट समजून घ्या, सगळी मेख तिथंच आहे. जिथं काही ठरत नाही तिथं लोकांना खुर्ची, आणि जिथं ठरतं तिथं लोकांसाठी खुर्ची नाही. त्या डॉक्टरचीही मला कीव येते, खरं सांगतो. मैदानी भागात ३०,००० लोकांमागे एक केंद्र हा निकष. दोन डॉक्टरांच्या जागी एक, तोही रात्री प्रसूती करून सकाळी बाह्यरुग्ण विभागात बसलेला. गावाने त्याच्यावर ओरडायचं, त्याने गावावर. दोघांची एकदा जुंपली की वरच्या मजल्यावर कशी शांतता नांदते! समितीचा हा फायदा कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेला नाही, पण मला तरी सर्वांत मोठा वाटतो.

पैशांचं म्हणाल तर निधी येतो. बहुधा अशा वेळी येतो की ३१ मार्च दारात उभा असतो आणि निधी खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र खर्चाच्या आधी तयार असतं. तेव्हा गरज काय हे विचारत बसू नका. जे आठवड्यात विकत मिळतं ती गरज. गावपातळीवरच्या समितीचं गणित तर याहून सोपं. ग्राम आरोग्य समितीत किमान १५ सदस्य, त्यात निम्म्या स्त्रिया, आणि वर्षाचा अबंधित निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनेच ठरवायचं असा, १०,००० रुपये. गाव दीड हजार वस्तीचं धरलं तर माणशी वर्षाला पावणेसात रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात पाणी शुद्ध करा, कुपोषण हटवा, अडलेल्या बाळंतिणीला गाडी करून द्या, आणि या निधीतून काय काय केलं त्याचा फलकही लावा. फलकवाल्याचं बिल आधी द्या, तो थांबत नाही. बाकीच्यांना सवय आहे.

साठा नोंदवही कधीही मागू नका. सरकारी दवाखान्यातले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झालेत, केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. त्यामुळे बाहेरची चिठ्ठी हा प्रकार आता अस्तित्वात नाही. कुणी म्हातारा हातात तसली चिठ्ठी घेऊन औषध दुकानासमोर उभा दिसला, तर तो आपल्या हौसेने उभा आहे असं समजा.

काही लोकांनी मात्र हा सगळा प्रकार गांभीर्याने घेतला, आणि तुम्हाला सावध करायला हवं ते त्यांच्यापासून. २००७ मध्ये देशातल्या ९ राज्यांत लोकाधारित देखरेख नावाचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निवडले होते. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेने समन्वय केला. गावच्या बाया-बापड्यांना एकत्र बसवून विचारायचं, सिस्टर गावात येते का, लसीकरण होतं का, औषध केंद्रात मिळतं की बाहेरून आणावं लागतं, प्रसूतीला कुणी पैसे मागितले का. उत्तरांवरून तक्ता करायचा. चांगलं असेल तर हिरवा रंग, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षरं न वाचता येणारी आजीसुद्धा लाल रंग लांबून ओळखते, यातला धोका तुमच्या लक्षात आला असेलच.

पुढे तो तक्ता घेऊन जनसुनवाई. मंडपात एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला गाव, मध्ये माईक. ज्या बाईने जन्मात सरपंचासमोर तोंड उघडलं नव्हतं ती उभी राहून तारीखवार सांगायची, अमक्या दिवशी उपकेंद्राला कुलूप होतं, मी दारात बसून परत गेले. आणि साहेबाला तिथंच, सगळ्यांदेखत, काय करणार ते सांगावं लागायचं. परिणाम भयंकर झाले. काही ठिकाणी बाहेरच्या चिठ्ठ्या बंद झाल्या, सिस्टर गावात फिरू लागल्या, बंद उपकेंद्रं उघडली. पडद्यांचा रंग मागे पडला.

असला प्रसंग तुमच्यावर आला तर काय करायचं, हे माझ्याकडून शिका. सुनवाई सोमवारी सकाळी ठेवा, मजुरी बुडवून कोण येणार? स्वागत, दीपप्रज्वलन आणि सत्कार यांना दोन तास द्या. मग म्हणा, वेळेअभावी वैयक्तिक तक्रारी लेखी द्याव्यात. एवढं करून कुणी माईक धरलाच तर प्रत्येक तक्रारीला ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढंच उत्तर द्या. ते बहुतेक वेळा खरंही असतं, हीच तर त्यातली खुबी.

कारण बघा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र चालवते जिल्हा परिषद, तिथले साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, तिथं जिल्हा शल्यचिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथं अधिष्ठाता. रात्री एखादी बाई अडली की केंद्रातून तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवतात, तिथून जिल्ह्याला, तिथून मेडिकल कॉलेजला. पहाटेपर्यंत तिचे तीन मालक बदललेले असतात. वाटेत काही बरंवाईट झालं तर ते कुणाच्या हद्दीत झालं, यावर सावकाश पत्रव्यवहार करता येतो. दर ठिकाणी ‘पुढे पाठवलं’ अशी नोंद व्यवस्थित केलेली असते, त्यात कसूर नाही.

सरकार देखरेख करत नाही असा आरोप मात्र कुणी केला तर ठामपणे खोडून काढा. सरकार देखरेख करतं, फक्त वेळ पाहून करतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. लगेच राज्यातल्या सर्व रुग्णालयांचं फायर ऑडिट करायचा आदेश निघाला. दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबरला, नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण दगावले. पुन्हा ऑडिटचा आदेश निघाला. ऑडिट म्हणजे कुठे काय धोका आहे याची यादी. ती यादी वाचून तारा बदलणं हे वेगळं काम, त्याला वेगळी मान्यता लागते, आणि ती मान्यता कुणाकडे मागायची हे मागच्या परिच्छेदात आलंच आहे.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण मरण पावले, त्यात १२ नवजात होते. औषधं, मनुष्यबळ, खाटा, सगळ्यांवर प्रश्न उठले. तेव्हा एक खासदार महोदय तातडीने पोचले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करायला लावला. कॅमेरे होतेच. देखरेख करावी तर अशी. औषध खरेदीची फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस होती हे शोधायला महिने लागले असते. झाडू पाच मिनिटांत सापडला.

खासगी रुग्णालयांचा विषय काढलात तर थोडक्यात सांगतो, कारण तिथं समितीच नाही. रुग्णालयांच्या नोंदणीचा नि नियमनाचा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतला नाही, आपला १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालू ठेवला. त्याखालच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली, दरपत्रक लावा, रुग्ण हक्कांची सनद लावा. त्याआधी २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १७ हक्कांची सनद मांडली होतीच. मी एका रुग्णालयात बहिणीला घेऊन गेलो होतो, नाव घेत नाही. सनद लावलेली होती, बिलिंगच्या काचेमागे, आतल्या भिंतीवर, आमच्याकडे पाठ करून बसलेल्या कॅशियरच्या डोक्यावर. मी काचेला नाक लावून वाचायला लागलो. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याच्या हक्कापर्यंत आलो तेवढ्यात सुरक्षारक्षकाने विचारलं, “काका, काही अडचण आहे का?” मी म्हणालो, नाही, वाचतोय. तो म्हणाला, “ते तपासणीला येतात त्यांच्यासाठी लावलंय.”

असो. पहिली सभा येत्या गुरुवारी आहे असं ऐकतो. जाण्याची तसदी घेतली नाहीत तरी चालेल. इतिवृत्त तयार झालंय, मी परवाच पाहिलं. सभेत तुम्ही एक सूचना मांडली आहे, प्रतीक्षागृहात पंखा बसवण्याची. तिला अनुमोदन मी दिलंय. चर्चेअंती सर्वानुमते मंजूर झाली आहे. शिपाई शुक्रवारी सकाळी येईल, तेव्हा घरी असा म्हणजे झालं.