पँट धरून लेझीम

आज सकाळी सात वाजता कोल्हापूरहून साडूंचा फोन आला. पोरगं सुखरूप परत आलं का, किती गोल झाले, काही नाही. कोल्हापूरचा माणूस फुटबॉलचं आधी विचारत नाही, म्हणजे मामला गंभीर. "पाव्हणं, त्या व्हिडिओत नाचतंय त्याच्या अंगात माझी पँट हाय न्हवं?"

पँट त्यांचीच होती. नाचणारा मी होतो. आणि तो नाच नव्हता, विमानतळावरची तपासणी होती.

आमच्या चिरंजीवांचा बेळगावचा चौदा वर्षांखालचा फुटबॉल संघ यंदाच्या जुलैत स्वीडनला जाऊन आला. तिथं गोथेनबर्ग शहरात 1975 पासून पोरांची एक दांडगी स्पर्धा भरते, गोथिया कप. आमची सोळा पोरं, आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास गोव्यापर्यंतचा. सोबत दोन सर आणि स्वखर्चानं आलेले तीन पालक. स्वखर्चानं म्हणजे सोसायटीच्या कर्जानं. कर्ज काढून परदेशी जाणाऱ्याला नवी पँट सुचत नाही, म्हणून साडूंची. साडू पैलवान गडी, कंबर 40. माझी 34. मधले सहा इंच पट्ट्याच्या भरवशावर.

सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, "नुसत्या लाथा मारून यायचं नाही. तिथल्या एका संघाबरोबर मी संध्याकाळ ठरवलीय. सांस्कृतिक देवाणघेवाण करायची."

आमच्या भागात सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणजे इकडच्या बसला तिकडं काळं फासायचं आणि तिकडच्या बसला इकडं. हे सोडून दुसरं काही असतं याची पालकांना कल्पना नव्हती. मग दुसऱ्या गेटाजवळ एकाच्या गच्चीवर चर्चा झाली, आपली संस्कृती कुठली. सोळा पोरांत मराठी घरची नऊ, कानडी चार, उर्दू दोन आणि कॅम्पातलं एक कोंकणी ख्रिश्चन. एक आई म्हणाली, यक्षगान. ते तिकडं किनाऱ्यावरचं, आणि पाच मिनिटांत त्यातला नुसता मुकुटसुद्धा चढत नाही. कोणी पोवाडा म्हटलं, पण पोवाड्यात दर चार ओळींना कुणाचा तरी कोथळा निघतो, तो स्वीडिश पोरांना समजावणार कोण. शेवटी लेझीम ठरली. गोलकीपरचे वडील कानडी. आता हे काय म्हणतात म्हणून आम्ही सगळे चहात बघत बसलो. ते म्हणाले, "आयतु बिडरी, आमच्या शाळेतबी हेच होतं की."

आठवीच्या कवायतीत मी दुसऱ्या रांगेत होतो, हे बोलून बसलो. त्याच रात्री मी सांस्कृतिक प्रमुख झालो.

कागदपत्रांचं सांगायला बसलो तर दुसरा लेख होईल. एवढंच सांगतो की 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं बेळगावचं बेळगावी केलं आणि आमचा निम्मा संघ दुसऱ्या गावचा झाला. ज्यांच्या बापानं जन्मदाखला वेळेत काढून ठेवला होता ती पोरं बेळगावची. ज्यांनी तो हरवून नव्यानं काढला त्यांची पोरं बेळगावीची. मग शंभराच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्रं केली की ही दोन्ही गावं एकच आहेत. सत्तर वर्षं दोन राज्यांना जे जमलं नाही ते कोर्टाबाहेरच्या एका टायपिस्टानं दहा मिनिटांत करून दिलं. वर विचारलं, "निपाणीचं काही हाय काय? असंल तर आत्ताच सांगा, कागद चढवलाय."

कुंद्याचंही तसंच. बेळगावचा माणूस रिकाम्या हातानं कुणाकडं जात नाही, म्हणून सहा किलो कुंदा बांधून घेतलेला. निघायच्या दिवशी कुणीतरी वाचलं की युरोपात बाहेरून येताना सामानात दुधाचे पदार्थ चालत नाहीत. कुंदा म्हणजे दुसरं काय, आटवून आटवून तांबूस केलेलं दूधच. टाकायचा तर जीव होईना. काकतीपासून निपाणीपर्यंत सगळी बस कुंदा खात होती, आणि निपाणीनंतर तीन वेळा थांबवावी लागली. बदली म्हणून गोकाकचा करदंट घेतला होता. डिंक, गूळ, सुकामेवा. तुपाचा विषय कुणी काढला नाही, आम्हीही काढला नाही.

तर तपासणी. मोठ्या बॅगांचं वजन बुटांनीच संपलं होतं, म्हणून सरांनी प्रत्येक पोराच्या हातातल्या पिशवीत एकेक लेझीम दिली. सोळा पिशव्या यंत्रात गेल्या आणि सोळाच्या सोळा बाजूला निघाल्या. तपासणाऱ्या जवानानं एक लेझीम वर उचलली. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, चकत्या. त्याच्या जागी मी असतो तरी मलाही ते प्रकरण संस्कृतीपेक्षा मारामारीचंच वाटलं असतं.

"ये क्या है?"

"म्युझिकल इन्स्ट्रुमेंट," सर.

"चेन क्यों लगी है?"

"वही बजती है."

"बजा के दिखाओ."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही सांस्कृतिक."

माझा पट्टा त्या वेळी ट्रेमध्ये, ट्रे यंत्रात. लेझीम हे दोन हातांचं वाद्य आहे, एका हातात दांडा, दुसऱ्यात साखळीची मूठ. आणि पँट साडूची असली तर ते एका हाताचं वस्त्र आहे. हिशेब तीन हातांचा झाला. मी डाव्या मुठीतच साखळी आणि कमरेचा बोळा एकत्र धरला आणि पायमोज्यांवर चालू झालो. एक, दोन, तीन, चार. हात वर नेता येत नव्हते, त्यामुळं सगळं कमरेजवळच. पोरं टाळ्या पिटायला लागली. आमचा चिरंजीव तेवढा ओळख नसल्यासारखा विमानांचा फलक वाचत होता.

आणि इथं मागून काका आले.

वय सत्तरीचं, गळ्यात उशी आत्ताच चढवलेली, पोटावर पाकीट. लेकीकडं स्टॉकहोमला निघालेले.

"वा वा वा! कुठले हो तुम्ही?"

"बेळगावचे." खण्ण.

"म्हणजे कर्नाटक! अहो, पण मराठी किती छान बोलता! कुठे शिकलात?"

"घरी."

"घरी म्हणजे, शिकवायला कोणी यायचं?"

"आई."

"अच्छा, आई महाराष्ट्रातल्या."

"अनगोळच्या."

"अनगोळ कुठल्या जिल्ह्यात येतं?"

"बेळगाव." खण्ण.

काका विचारात पडले. "मग त्या कुठे शिकल्या?"

मी लेझीम थांबवली. जवान म्हणाला, "रुको मत." मी पुन्हा सुरू केली. आमच्या आजीच्या आजीचं लग्न मराठीत लागलं, शेतीवाटपाची भांडणं मराठीत झाली, आम्ही शिव्या मराठीत खाल्ल्या, हे सगळं मला सांगायचं होतं. पण नाचता नाचता वंशावळ सांगता येत नाही.

"बेळगावशी माझं फार जुनं नातं आहे बरं का," काका जवळ सरकले. "वडिलांच्या खांद्यावर बसून घोषणा दिल्यात मी. बेळगाव, कारवार, निपाणी आणि... आणखी काहीतरी होतं बघा."

"बीदर, भालकी."

"करेक्ट! तुम्हाला कसं माहीत?"

वाचकहो, या प्रश्नाला उत्तर असलं तर मला कळवा.

"कधी आलाय बेळगावला?" मी विचारलं. दम लागला होता.

"नाही हो. गोव्याला जाताना रात्री लागतं ना ते, झोपलेलो असतो. मग, सुटला का तो प्रश्न?"

"2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे."

"अजून?" शेजाऱ्याचा गळका नळ अजून गळतोय हे ऐकून माणूस जसं म्हणतो तसं म्हणाले. मग मोबाइल काढला. "चालू ठेवा, चालू ठेवा. आठवण म्हणून."

आता चिडायचं कुणावर? काका वाईट नव्हते. पोरांना त्यांनी आलेपाकाच्या वड्या वाटल्या, माझ्यापुढंही एक धरली, पण हात मोकळा नव्हता. वाईट याचं वाटतं की हे काका मला प्रत्येक वेळी भेटतात. कधी पुण्यात रिक्षात, कधी ठाण्यातल्या लग्नात. तालुक्याच्या कचेरीत गेलो की कानडीत अर्ज पुढं येतो, मराठीतला मागितला तर खिडकीतला माणूस असा बघतो की मी मराठीत अर्ज नाही, त्याची मुलगी मागितली. घाट ओलांडून इकडं यावं तर माझ्याच भाषेबद्दल पाठीवर थाप. 1956 पासून 865 गावं हवीत म्हणून ओरडतात, आणि त्यातल्या एका गावचा माणूस समोर उभा राहिला की म्हणतात, छान बोलता हो. घरच्या सुनेला "तुम्हाला चहा करता येतो? अरे वा!" म्हटल्यासारखं. बायको म्हणते मी हे मनाला फार लावून घेतो. तिचं माहेर कोल्हापूर, तिला काय कळणार.

असो. जवानाचं समाधान होईना. त्यानं त्याच्या वरच्याला बोलावलं. वरचा आला, त्यानंही पहिल्यापासून बघायचं ठरवलं. मागं रांग दारापर्यंत गेलेली. तेव्हा काका पुढं झाले आणि खणखणीत हिंदीत म्हणाले, "अरे भाई, जाने दो इनको. ये इनका कर्नाटक का फोक डान्स है. बहुत पुराना."

"अच्छा, कर्नाटक का," वरचा म्हणाला. "ठीक है."

सोळा पिशव्या सुटल्या. तोंडातून एक शब्द काढला असता तर पुन्हा चौकशी, पुन्हा नाच. माझा पट्टा अजून पलीकडं होता. पट्टा हातात येईपर्यंत मी सीमाप्रश्न लांबणीवर टाकला. पट्टा आला तोवर काका गेले होते.

स्वीडनचं लोक फार विचारतात, पण तिथं सगळं नीटच झालं, त्यामुळं सांगण्यासारखं कमी. कर्ज काढून सातासमुद्रापार गेलो आणि एका शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपलो, बाकं भिंतीला लावून, थेट इलेक्शन ड्यूटीवर आल्यासारखं. रात्री दहाला उजेड, पोरं झोपायला तयार नाहीत. उलेवी स्टेडियम बघितलं. तिथं 1958 मध्ये सतरा वर्षांच्या पेलेनं वेल्सविरुद्ध वर्ल्ड कपमधला आपला पहिला गोल मारला. त्याच शहरात आमच्या पोरांनी दोन गोल मारले, पैकी एक आपल्याच जाळ्यात. मैदानावर पास मराठीत मागायचे, चूक झाली की शिवी कानडीत आणि पंचाची विनवणी हिंदीत. पंचाला तिन्ही कळत नव्हतं, त्यामुळं पिवळं कार्ड एकही नाही.

ती ठरलेली संध्याकाळही झाली. लेझीम सगळ्यात झकास गोलकीपरनं खेळली, म्हणजे कानडी घरच्या पोरानं. मग त्यानंच चार स्वीडिश पोरींना शिकवली, एक-दोन-तीन-चार मराठीत मोजत. एका बाईंनी विचारलं, ही भाषा कुठली. तो म्हणाला, "लेझीमची." करदंट त्यांना आवडला. नाव उच्चारता आलं नाही. मूळ कानडी, करिद अंटु, तळलेला डिंक. ते सांगायला मीच पुढं झालो, कारण दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

तेव्हा काकांचं चुकलं काय, असं तुम्ही म्हणाल. आमच्या जिल्ह्यातल्या कानडी शाळांतही लेझीम होतीच. माहीत आहे मला. त्यामुळंच जास्त लागतं.

साडूंना म्हटलं, व्हिडिओ पाठवा. तो त्यांना त्यांच्या तालमीच्या ग्रुपवर आलेला, तिथं सातारच्या कुणाकडून, त्याच्या आधी देव जाणे. मी दिसतोय कमरेतून वाकलेला, डोळे विस्फारलेले, मागं टाळ्या. खाली काकांचा मजकूर, हात जोडलेल्या तीन चित्रांसकट: "कर्नाटकचे पारंपरिक लोकनृत्य. परदेशी निघालेले कलाकार, पण विमानतळावरही सराव सोडत नाहीत! नाहीतर आपण मराठी माणसं."

त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, कमरेजवळ वाजवायची ही शैली धारवाडकडची का. कुणीतरी उत्तरही दिलं होतं, हो.

मी त्या ग्रुपसाठी मोठा मजकूर लिहायला घेतला. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगापासून सुरुवात केली, 1966. अर्धा तास लिहीत होतो. इतक्यात साडूंचा मेसेज आला, "पँट धुऊन पाठवा. आणि इस्त्री करून."